गाडी बसली खाली, चाकं झाली तिरकी!

दोस्तांनो, एक काम करा. हा अंक क्षणभर बाजूला ठेवा, दाराशी जा आणि घरातल्या सगळ्यांच्या चपला उलट्या करून बघा. उलटी चप्पल दिसली की घरात भांडण होतं, असं आजी म्हणेल. तिला सांगा, "आजी, दोनच मिनिटं! विज्ञानाचं काम चाललंय."

काय दिसलं? कुणाची टाच बाहेरच्या कडेला झिजलेली, कुणाची आतल्या. चपलेचा तळ सगळीकडून सारखा झिजलाय असा माणूस शोधूनही सापडणार नाही! कारण चालताना प्रत्येकाचं पाऊल थोडं तिरकं पडतं. हे तिरकेपण इतकं कमी असतं, की समोरून चालत येणाऱ्या माणसाकडे पाहून ते कळणारही नाही. पण चप्पल मात्र सगळं लिहून ठेवते.

आता विचार करा, चार चपला घालून एक टन वजनाचं धूड ताशी ८० किलोमीटरने पळतंय. म्हणजे मोटारगाडी हो! तिच्या चपला म्हणजे टायर. एक टायर रस्त्याला टेकतो तो भाग जेमतेम तुमच्या बाबांच्या तळहाताएवढा असतो. अशा चार तळहातांवर सगळी गाडी, आतली माणसं आणि त्यांचा जीव! हे तळहात रस्त्यावर नीट टेकायला हवेत की नकोत?

हल्ली अनेक दादालोकांना (आणि तायांनाही!) गाडी खाली बसवायची हौस असते. गाडी जमिनीलगत आली की ती कशी ऐटदार, रेसच्या गाडीसारखी दिसते. पण तिची उंची बदलली की चाकांचे कोन बदलतात. ते पुन्हा जागेवर आणणं म्हणजेच व्हील अलाइनमेंट. आज आपण एका खऱ्याखुऱ्या स्पोर्ट्‌स कारबरोबर गॅरेजमध्ये जाऊन हे काम कसं चालतं ते बघणार आहोत.

घोडा आणि स्वार

आपली गाडी जपानची आहे. नाव माझदा एमएक्स-५. ‘स्वराज माझदा’ नावाच्या ट्रक आणि बस एके काळी आपल्याकडे धावायच्या, आठवतंय का बाबांना विचारा. त्यातली माझदा कंपनी ती हीच. १९८९ सालच्या फेब्रुवारीत अमेरिकेतल्या शिकागोच्या मोटार प्रदर्शनात ही गाडी पहिल्यांदा लोकांनी पाहिली. दोनच माणसांची जागा, कापडी छत मागे दुमडायची सोय, आणि डोळे मिचकावल्यासारखे वर येणारे हेडलाइट. अमेरिकेत तिचं नाव पडलं ‘मिआटा’.

गाडी बनवणाऱ्यांनी डोळ्यांसमोर एक जपानी शब्दप्रयोग ठेवला होता, ‘जिंबा इत्ताई’. म्हणजे घोडा आणि स्वार एकजीव होणं. जोरदार इंजिनापेक्षा हलकी, चपळ आणि हाताच्या इशाऱ्यावर वळणारी गाडी त्यांना हवी होती. ही कल्पना लोकांना इतकी आवडली, की एप्रिल २०१६ मध्ये या जातीची दहा लाखावी गाडी हिरोशिमाच्या कारखान्यातून बाहेर पडली. दोन माणसांची स्पोर्ट्‌स कार इतकी खपणं हा एक विक्रमच आहे.

ही गाडी आपल्या रस्त्यांवर क्वचितच दिसेल. मग आज तीच का निवडली? कारण अमेरिका, जपान आणि युरोपात हजारो हौशी लोक आपली एमएक्स-५ घरच्या गॅरेजात स्वतः उघडतात, तिच्या स्प्रिंगा बदलतात आणि तिला खाली बसवतात. दुसरं म्हणजे तिच्या चारही चाकांचे कोन फिरवून जुळवता येतात. शिकायला याहून चांगली गाडी कुठली?

खाली का बसवायची?

फक्त ऐटीसाठी? नाही, त्यामागे थोडं शास्त्रही आहे. एक काडेपेटी घ्या आणि वहीवर उभी ठेवा. आता वहीची एक बाजू हळूहळू उचला. पडली ना लगेच? आता तीच काडेपेटी आडवी ठेवून वही उचला. या वेळी ती बराच वेळ टिकेल, आणि शेवटी घसरेल. पण उलटणार नाही. वजन तेच, वहीही तीच. बदलली ती फक्त वजनाच्या मध्याची, म्हणजे गुरुत्वमध्याची उंची आणि खालचा पाया.

घाटात एसटीमध्ये उभं राहून प्रवास केलाय? वळणावर सगळे एका बाजूला कलतात. तुम्ही गुडघे वाकवून जरा खाली झालात की तोल सावरतो. गाडीचंही तसंच. वळताना तिचं वजन बाहेरच्या बाजूच्या चाकांवर सरकतं. गुरुत्वमध्य खाली असेल तर ते कमी सरकतं, आणि चारही टायर कामाला लागतात.

म्हणून मूळच्या स्प्रिंगा काढून आखूड स्प्रिंगा बसवतात. पण नुसती आखूड स्प्रिंग चालत नाही, ती कडकही लागते. कारण खाली बसलेल्या गाडीच्या चाकाला वर-खाली व्हायला जागा कमी उरते. स्प्रिंग मऊ राहिली तर प्रत्येक खड्ड्यात सस्पेन्शन थेट टोकाला जाऊन आदळेल. काही जण पैसे वाचवायला जुन्याच स्प्रिंगचे दोन वेढे कापून टाकतात. हा उद्योग कधीही करू नये! कापलेली स्प्रिंग आपल्या खुर्चीत नीट बसत नाही, आणि चाक हवेत लोंबकळलं तर ती जागची सुटूही शकते.

समजा, आपल्या मालकाने चांगल्या, याच गाडीसाठी बनवलेल्या स्प्रिंगा बसवल्या. गाडी सुमारे एक इंच, म्हणजे २५ मिलिमीटर खाली आली. काय झकास दिसतेय! पण थांबा. चाकांना काय वाटतंय ते विचारलं का कुणी?

पुठ्ठ्याची मोटार

चाकांचं मत ऐकायचं तर एक खेळणं बनवावं लागेल. जाड पुठ्ठ्याच्या तीन पट्ट्या कापा. एक १२ सेंटिमीटर लांब, एक ७ सेंटिमीटर आणि एक साडेनऊ सेंटिमीटर. (ही लांबी दोन भोकांमधली धरा, म्हणजे दोन्ही टोकांना थोडा जास्तीचा पुठ्ठा लागेल.) आता एका मोठ्या खोक्याच्या पुठ्ठ्यावर एकाखाली एक अशा दोन ड्रॉइंग पिना टोचा, दोघींत अंतर ८ सेंटिमीटर. वरच्या पिनेला ७ सेंटिमीटरच्या पट्टीचं एक टोक लावा आणि खालच्या पिनेला १२ सेंटिमीटरच्या पट्टीचं. या झाल्या गाडीच्या अंगातून निघालेल्या दोन भुजा. दोन्ही आडव्या धरा आणि त्यांची मोकळी टोकं साडेनऊ सेंटिमीटरच्या पट्टीने जोडा. ही तिसरी पट्टी म्हणजे चाक. जोडाच्या जागी दोऱ्याची सैलसर गाठ मारली तरी चालेल, फक्त पट्ट्या फिरायला हव्यात.

चाकाची पट्टी सुरुवातीलाच थोडी तिरकी दिसेल, कारण भुजांची लांबी वेगळी आहे. काळजी करू नका. एक पेन्सिल घेऊन तिच्या कडेने पुठ्ठ्यावर रेघ मारा. आता पट्टी ४ सेंटिमीटर वर सरकवा आणि पुन्हा रेघ मारा. दोन्ही रेघा ताडून पाहा. दुसरी रेघ जास्त कललेली आहे ना? वरचं टोक आणखी आत, गाडीच्या अंगाकडे गेलं!

असं का? आखूड भुजा लहान वर्तुळात फिरते. म्हणून तेवढंच वर गेल्यावर तिचं टोक लांब भुजेच्या टोकापेक्षा जास्त आत येतं. पहिल्या एमएक्स-५ च्या चारही चाकांना अशाच वर-खाली दोन भुजा आहेत. त्यांना डबल विशबोन म्हणतात. वरची भुजा मुद्दाम आखूड ठेवलेली असते. वळणावर गाडीचं अंग बाहेर कलतं, तेव्हा बाहेरचं चाकही बाहेर कलायला लागतं. त्याच वेळी ही भुजा त्याचा माथा आत ओढते आणि टायर रस्त्यावर सपाट राहतो. आहे की नाही युक्ती!

पण गाडी कायमची खाली बसवली, म्हणजे गाडीच्या मानाने चाक कायमचं वर गेलं. मग जे तिरकेपण फक्त वळणावर हवं होतं, ते आता सरळ रस्त्यावरही चाकाला चिकटलं.

तीन कोन, तीन स्वभाव

गॅरेजमधले काका तीन शब्द सारखे बोलतात. ते आधी ओळखून घेऊ.

पहिला कॅम्बर. गाडीसमोर उभं राहून चाकाकडे बघा. चाकाचा माथा आत झुकला असेल तर तो निगेटिव्ह कॅम्बर, बाहेर झुकला असेल तर पॉझिटिव्ह. आपल्या पुठ्ठ्याच्या मोटारीने दाखवला तो निगेटिव्ह. थोडा निगेटिव्ह कॅम्बर वाईट नसतो, उलट वळणावर तो मदत करतो. रोज रस्त्यावर फिरणाऱ्या खाली बसवलेल्या एमएक्स-५ ला साधारण एक-दीड अंश चालतो. त्याहून फार वाढला की टायर आतल्या कडेवर चालायला लागतो, आणि करकचून ब्रेक मारायची वेळ आली तर अख्खा तळहात रस्त्यावर टेकत नाही.

दुसरा टो. इंग्रजीत टो म्हणजे पायाचं बोट. उभे राहा आणि दोन्ही पावलांची बोटं एकमेकांकडे वळवा. हा झाला टो-इन. बोटं बाहेर वळवा, झाला टो-आउट. पुढच्या चाकांना वळवणारी टाय रॉड नावाची दांडी असते. गाडी खाली आली की तीही तिरकी होते आणि चाकाला ढकलते किंवा ओढते. शिवाय कॅम्बर बदलला की टो त्याच्याबरोबर हलतोच. म्हणजे आपण उंचीला हात लावला आणि हे दोघेही जागचे हलले.

तिसरा कॅस्टर. हा गाडीच्या बाजूने दिसतो. तुमच्या सायकलचा पुढचा चिमटा बघा, तो सरळ उभा नसतो, मागे रेललेला असतो. मोकळ्या मैदानात सायकलचं सीट धरून ती हळू ढकला. हँडल न धरताही पुढचं चाक आपोआप सरळ राहतं. ही चिमट्याच्या तिरकेपणाची करामत आहे. गाडीत यालाच कॅस्टर म्हणतात. वळण संपल्यावर स्टिअरिंग आपोआप सरळ येतं ते याच्याच मदतीने. गाडी पुढून जास्त आणि मागून कमी खाली बसवली, तर कॅस्टरही बदलतो.

सव्वा मिलिमीटरची गोष्ट

तुम्ही म्हणाल, एवढ्याशा कोनाने काय बिघडतंय? चला, गणित करू. पहिल्या एमएक्स-५ ची रिम १४ इंचांची, म्हणजे सुमारे ३५५ मिलिमीटर. समजा, एका चाकाच्या रिमची पुढची कड मागच्या कडेपेक्षा फक्त सव्वा मिलिमीटर बाहेर आहे. डोळ्यांना हे अजिबात दिसणार नाही. पण गाडी सरळ चाललीय आणि चाक किंचित दुसरीकडे बघतंय. ३५५ मध्ये सव्वा, तर १००० मध्ये किती? साधारण साडेतीन! म्हणजे दर एक किलोमीटरमागे तो टायर हिशोबाने साडेतीन मीटर आडवा घासला जातो. मुंबईहून पुण्याला जाण्याएवढं, दीडशे किलोमीटर अंतर कापलं, तर पाचशे मीटरहून जास्त! खोडरबर अर्धा किलोमीटर घासून बघा, काय उरतं ते.

आता टो आणि कॅम्बर दोघांची जोडी जमली की काय होतं ते ऐका. टो टायर घासतो आणि निगेटिव्ह कॅम्बर ठरवतो, की घासायचं ते आतल्या कडेवर. आतली कड! म्हणजे उभं राहून गाडीकडे पाहिलं तर दिसतच नाही अशी जागा. बाहेरून टायर नवाकोरा, खाचा खोल, मालक खूश. आतून मात्र रबर संपून त्याखालच्या तारा डोकावायला लागलेल्या. मग एखाद्या पावसाळी रात्री, भरवेगात तो टायर फुटतो किंवा पाण्यावरून घसरतो. म्हणून हा विषय ऐटीचा नाही दोस्तांनो, जिवाचा आहे.

मागच्या चाकांचं तर आणखी वेगळं. त्यांचा टो-आउट झाला तर वळणावर किंवा ब्रेक मारताना गाडीची शेपूट झोकांड्या खायला लागते. म्हणून मागच्या चाकांना नेहमी अगदी थोडा टो-इन ठेवतात. आणि मागची दोन्ही चाकं एकाच बाजूला वळलेली असतील तर? गाडी खेकड्यासारखी तिरकी चालते! स्टिअरिंग वाकडं धरावं तेव्हा कुठे ती सरळ जाते.

चला गॅरेजमध्ये

आली आपली लाल एमएक्स-५. मालकाला घाई आहे, पण काकांना नाही. ते आधी सांगतात, "नव्या स्प्रिंगा घातल्यावर गाडी थोडी फिरवून आणा. स्प्रिंगा आपापल्या जागी बसू देत. मग कोन बघू." गाडी फिरून येते. आता चारही टायरमधली हवा तपासली जाते. एका टायरमध्ये हवा कमी असेल तर गाडी त्या कोपऱ्यात बसेल आणि सगळं माप चुकेल. डिकीतलं जास्तीचं सामान बाहेर. इतक्या हलक्या गाडीत ड्रायव्हरच्या वजनानेही फरक पडतो. म्हणून काटेकोर काम करणारे लोक ड्रायव्हरच्या सीटवर त्याच्या वजनाएवढं ओझं ठेवून मग माप घेतात.

यानंतर एक काम आहे, जे पुष्कळ जण विसरतात. भुजा जिथे गाडीच्या अंगाला जोडलेल्या असतात, तिथे रबराचे बुश असतात. बोल्ट आवळला की बुशची आतली नळी जागेवर पकडली जाते, आणि भुजा हलली की रबराला पीळ पडतो. स्प्रिंगा बदलताना गाडी जॅकवर असते, चाकं लोंबकळत असतात. त्याच अवस्थेत बोल्ट आवळून टाकले तर? गाडी जमिनीवर आल्यावर रबराला कायमचा पीळ बसतो. हाताला पीळ देऊन रात्रभर झोपून बघा, म्हणजे त्याचे हाल कळतील! रबर लवकर फाटतं आणि गाडीची उंचीही खरी दिसत नाही. म्हणून काका ते बोल्ट सैल करतात, गाडीचं वजन चाकांवर येऊ देतात आणि मगच पुन्हा आवळतात.

आता मापं. हल्लीच्या मशीनमध्ये चारही चाकांना खुणांच्या पाट्या लावतात. समोरचे कॅमेरे त्या पाट्या बघतात आणि पडद्यावर कोन उमटतात. बरोबर असेल तर हिरवा, चुकीचा असेल तर लाल. पुढची चाकं गोल फिरणाऱ्या तबकड्यांवर उभी असतात, म्हणजे ती वळवताना टायर अडत नाही. आपल्या गाडीचा पडदा? सगळा लालेलाल!

कोन बदलायचे कसे? एमएक्स-५ मध्ये खालच्या भुजांना खास बोल्ट आहेत. एका चाकाला दोन, म्हणजे चार चाकांना आठ. समजा, एका गोल नाण्याला मधोमध भोक न पाडता कडेजवळ पाडलं आणि त्यात खिळा घालून नाणं फिरवलं, तर नाण्याची कड कधी जवळ येईल, कधी लांब जाईल. या बोल्टवर अशीच एका बाजूला सरकलेली चकती असते. बोल्ट फिरवला की भुजेचं टोक काही मिलिमीटर आत-बाहेर सरकतं आणि कोन बदलतो. पुढच्या भुजेवरचे दोन बोल्ट मिळून कॅम्बर आणि कॅस्टर जुळवतात, मागचे दोन मिळून कॅम्बर आणि टो. पुढच्या चाकांचा टो मात्र टाय रॉडची लांबी कमी-जास्त करून जुळवायचा.

कामाला क्रम असतो. आधी मागची चाकं, मग पुढची. कारण गाडी कुठल्या दिशेने जाणार हे मागची चाकं ठरवतात. त्यांची दिशा पक्की झाली, की पुढच्यांना त्यांच्याशी जुळवून घ्यायचं. मागे आधी कॅम्बर, मग टो. पुढे आधी कॅस्टर, मग कॅम्बर आणि सगळ्यात शेवटी टो, तोही स्टिअरिंग अगदी सरळ बांधून ठेवून. टो शेवटी का? वर सांगितलं ना, कॅम्बर हलवला की टो हलतोच. टो आधी जुळवला तर ती मेहनत फुकट जाईल.

तबलजी तबला लावताना पाहिलाय? हातोडीने एका बाजूला ठोकतो, थाप देऊन ऐकतो, मग दुसऱ्या बाजूला ठोकतो. एक जागा सुरात आली की दुसरी उतरते, की परत फेरी. काकांचंही तेच चाललेलं असतं. एक बोल्ट थोडा फिरवला, पडद्याकडे बघितलं. दुसरा फिरवला, पुन्हा बघितलं. तासाभराने पडदा हिरवा होतो आणि बोल्ट आवळले जातात. आवळतानाही कोन किंचित सरकू शकतो, म्हणून शेवटी पुन्हा एकदा माप!

आणि गाडी अति खाली बसवली असेल तर? मग बोल्ट पूर्ण फिरवला तरी कोन जागेवर येत नाही. त्यालाही हद्द असते. तेव्हा काका मान हलवून म्हणतात, "गाडी थोडी वर घ्या." हौसेला मोल नसतं म्हणतात, पण लोखंडाला माप असतं!

ओळंब्याने मोजा कॅम्बर

मशीन नव्हती तेव्हा काय करायचे? गाडीच्या दोन्ही बाजूंना, तिच्या मध्यरेषेशी समांतर अशी दोरी ताणून बांधायचे. रिमच्या पुढच्या आणि मागच्या कडेपासून दोरीपर्यंतचं अंतर मोजलं की टो कळतो. आजही अनेक रेसवाले ही पद्धत वापरतात. कॅम्बरसाठी तर गवंड्याचा ओळंबा पुरतो! हा प्रयोग तुम्हीही करू शकता, पण आई किंवा बाबांना सोबत घेऊनच. गाडी सपाट जागेवर, इंजिन बंद, हँडब्रेक ओढलेला, चाकं सरळ. गाडीखाली मात्र कुणीही जायचं नाही.

एका दोऱ्याला जड नट बांधा. चाकासमोर, टायरला न टेकता, दोरा वरून लोंबकळता धरा. रिमच्या वरच्या कडेपासून दोऱ्यापर्यंतचं अंतर मोजा, मग खालच्या कडेपासून. वरचं अंतर जास्त आलं, तर माथा आत झुकलाय, म्हणजे निगेटिव्ह कॅम्बर. १४ इंची रिमवर दोन्ही मापांत सुमारे ६ मिलिमीटर फरक म्हणजे एक अंश. मशीनइतकं अचूक नाही, पण दोन्ही बाजूंची चाकं सारखी आहेत का एवढं नक्की कळेल.

आईबाबा, हे तुमच्यासाठी

गाडी खाली बसवलेली नसली, तरी जोरदार खड्डा लागल्यावर किंवा सस्पेन्शनचं काम केल्यावर अलाइनमेंट तपासून घ्यावं. आपल्याकडच्या बहुतेक छोट्या गाड्यांना पुढे दोन भुजा नसतात, एकच खांब असतो. त्यातल्या अनेक गाड्यांत फक्त पुढचा टोच जुळवता येतो. म्हणजे अशा गाड्यांची उंची बदलण्याआधी दुप्पट विचार हवा. गॅरेजमधून कामाच्या आधीचा आणि नंतरचा, असे दोन्ही आकडे छापलेला कागद मागून घ्या. महिन्यातून एकदा गाडी उभी असताना पुढची चाकं पूर्ण वळवा आणि टायरची आतली कड हाताने चाचपून पाहा.

आणखी एक. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार, नोंदणीपत्रातला तपशील मूळ कंपनीने ठरवलेल्या तपशिलापेक्षा वेगळा होईल असा बदल मालकाला परस्पर करता येत नाही. म्हणून घरातल्या मोठ्या मुलाने असा काही हट्ट धरलाच, तर गॅरेजच्या आधी आरटीओत चौकशी करा.

आणि तुमच्यासाठी...

तर दोस्तांनो, एक इंच उंची कमी केली आणि कॅम्बर हलला, टो हलला, कधी कॅस्टरही हलला. खाली बसवलेली गाडी वाईट नसते. तीच एमएक्स-५ कोन जुळवल्यावर वळणावर अशी वळते, की घोडा आणि स्वार खरंच एकजीव व्हावेत. पण ज्याने स्प्रिंगा बदलल्या, त्याचं काम स्प्रिंगा बसल्यावर संपत नाही. मशीनवरचा शेवटचा आकडा हिरवा होतो, तेव्हा ते संपतं.

जाता जाता एक कोडं. एका खाली बसवलेल्या गाडीच्या चारही टायरच्या बाहेरच्या खाचा अगदी नव्यासारख्या आहेत. मालक म्हणतो, "टायर बदलायची गरजच नाही!" तुम्ही त्याला काय सांगाल?

उत्तर ओठांवर आलंय ना? मग आता उठा आणि त्या चपला सरळ करून ठेवा. आजी केव्हाची बघतेय!